खंडाची मुदत संपण्यापूर्वी जमीन सोडणे: खर्च, मार्ग व दक्षता

गुढीपाडवा ते अक्षय्यतृतीया हा जमिनीच्या देण्याघेण्याचा काळ होय. मालक व कसणारा ओटीवर बसतात, खंडाचा आकडा ठरतो, काही रक्कम हातावर ठेवली जाते आणि दोघेही समाधानाने उठतात. जमीन किती वर्षांकरिता, कोणत्या खंडाने व कोणत्या पिकासाठी, एवढे बोलणे बहुधा होते. परंतु मुदत पुरी होण्यापूर्वीच एखाद्यास ती सोडावी लागली तर काय करावयाचे, हे बोलणे त्या दिवशी अशुभ वाटते म्हणून राहून जाते. पुढे तंटा होतो तो बहुधा ह्या न बोललेल्या गोष्टीवरूनच.

सुदुंबरे व त्याच्या आसपासच्या मावळ पट्ट्यात ह्या प्रश्नास आज विशेष महत्त्व आले आहे. एका बाजूस तळेगाव व दुसऱ्या बाजूस चाकण, अशा दोन औद्योगिक वसाहतींच्या मधोमध हा मुलूख आहे. कारखान्यात नोकरी लागली, घरातील कर्ता माणूस आजारी पडला, विहिरीचे पाणी हटले किंवा मालकासच जमीन दुसऱ्या कामासाठी हवीशी झाली, की तीन वर्षांचा ठराव दीड वर्षात मोडावा लागतो. तो मोडणे हा गुन्हा नव्हे. मात्र तो कसा व केव्हा मोडावयाचा, त्याचा खर्च कोणावर किती पडतो आणि कायदा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे उभयतांनी समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

१. कायद्याची पूर्वपीठिका

जमीन सोडण्याची रीत आपल्या इकडे जुनीच आहे. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात सालवार कुळाविषयी असा नियम होता की, दुसरे काही सिद्ध न झाल्यास कसणुकीचे वर्ष 31 मार्च रोजी संपते असे धरावे; आणि वहिवाट बंद करावयाची असल्यास मालकाने कुळास किंवा कुळाने मालकास वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने लेखी सूचना द्यावी. हा कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी 1966 ची जमीन महसूल संहिता आली. तथापि तीन महिन्यांच्या सूचनेमागील व्यवहारज्ञान आजही खोटे ठरलेले नाही. रब्बीचे पीक शेतात उभे असतानाच पुढील वर्षाचा निर्णय कळला, तर मालकास दुसरा कसणारा पाहण्यास अवधी मिळतो.

पुढे 1939 चा व त्यानंतर 1948 चा कुळकायदा झाला. पश्चिम महाराष्ट्रात हा दुसरा कायदाच, पुढील दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. मराठवाडा व विदर्भ ह्यांसाठी अनुक्रमे 1950 व 1958 चे निराळे कायदे आहेत. 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला व त्या दिवशी कसत असलेली पुष्कळ कुळे कायद्याने मालक झाली.

ह्या मधल्या काळात जे घडले ते प्रस्तुत विषयास फार उपयुक्त आहे. 1948 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्यात अनेक कुळांनी आपल्या जमिनी 'स्वखुशीने' मालकास परत दिल्याचे कागदोपत्री दिसू लागले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रा. वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर ह्यांनी ह्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा स्वेच्छेच्या राजीनाम्यांची संख्या मोठी असल्याचे त्यात दिसून आले, आणि ही स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. ज्यास जमिनीवाचून दुसरा आधार नाही, तो कायद्याने संरक्षण दिल्याबरोबरच ती का सोडील, हे विचार करण्याजोगे आहे.

ह्याकरिता कायद्याने राजीनाम्यावर पहारा ठेवला आहे. कलम 15 अन्वये कुळास आपली वहिवाट केव्हाही सोडता येते. परंतु ते सोडणे लेखी असले पाहिजे आणि तहसीलदारापुढे त्याची पडताळणी झाली पाहिजे. कुळास कागदातील मजकूर व त्याचा परिणाम समजला आहे काय आणि तो आपल्या खुशीने सोडीत आहे काय, ह्याची तहसीलदाराने चौकशी करून खात्री करून घ्यावयाची असते व तसे लिहून ठेवावयाचे असते. ही पडताळणी केवळ उपचार नसून अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. सही झाली, मजकूर वाचून दाखविला, एवढ्यावर भागत नाही.

२. प्रथम ओळखावे की आपले नाते कोणते

जमीन दुसऱ्याने कसण्याचे सगळे प्रकार एका मापाने मोजता येत नाहीत. मजुरी घेऊन मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा गडी हा कुळ नव्हे. मालकाच्या कुटुंबातील माणूस कुळ नव्हे. कबजेगहाण घेणाराही कुळ नव्हे. परंतु ह्यांखेरीज जो कोणी दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसतो, त्यास कलम 4 अन्वये कुळ मानले जाते. मग त्यास तुम्ही खंडकरी म्हणा, वाटेकरी म्हणा किंवा अर्धेलीने करणारा म्हणा.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. अकरा महिन्यांचा कागद केला म्हणजे कुळकायद्यातून सुटका झाली, असे पुष्कळ मालक समजतात. अकरा महिन्यांचा संबंध मुख्यतः नोंदणीशी आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा अथवा सालोसाल चालणारा पट्टा नोंदविलाच पाहिजे, असा 1908 च्या नोंदणी कायद्याचा नियम असल्यामुळे लोक अकरा महिने लिहितात. कुळकायदा मात्र मुदतीकडे पाहत नाही. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या वहिवाटीतही, स्वतः कसणाऱ्या कुळास वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क कलम 32-ओ ने दिला आहे आणि विरुद्ध करार असला तरी तो हक्क टिकतो.

दुसरा गैरसमज असा की, कागदच केला नाही म्हणजे काही बंधन नाही. वस्तुस्थिती उलट आहे. कागद नसला तर कायद्याने मानलेले नाते जात नाही. जाते ते फक्त उभयतांच्या बोलण्याचे प्रमाण. मग कसणाऱ्यास आगाऊ दिलेली रक्कम सिद्ध करता येत नाही आणि मालकास जमीन कोणत्या दिवशी परत मिळाली हे सिद्ध करता येत नाही. कसणाऱ्याचे पीककर्ज व पीकविमा ही कामेही अडतात.

३. सोडण्याचा खरा खर्च

आता हिशेबाकडे वळू. पुढील उदाहरण केवळ गणितासाठी कल्पिले आहे. त्यातील आकडे बाजाराचे दर म्हणून घेऊ नयेत.

समजा, दोन एकर जमीन तीन वर्षांकरिता वार्षिक 30,000 रुपये खंडाने दिली. खंड दरसाल पाडव्यास आगाऊ व अनामत 15,000 रुपये. कसणाऱ्याने ठिबकच्या नळ्या बसविल्या. त्यांची आजची किंमत 20,000 रुपये. शेणखत घातले, त्याचा 6,000 रुपयांचा कस जमिनीत शिल्लक आहे. दुसऱ्या वर्षी कार्तिकात भात निघाले आणि आता त्यास जमीन सोडावयाची आहे. पाडव्यास चार महिने आहेत व त्या चार महिन्यांचा खंड, म्हणजे 10,000 रुपये, त्याने आधीच भरला आहे. त्यापुढे तिसरे वर्ष सबंध शिल्लक आहे.

पहिला मार्ग, न सांगता निघून जाणे. ह्यात चार महिन्यांच्या खंडाचे 10,000, नळ्यांचे 20,000 व खताचे 6,000 बुडाले. अनामतीचे 15,000 मालकाने ठेवून घेतले, आणि तिसऱ्या वर्षाच्या खंडापैकी उरलेल्या 15,000 ची मागणी डोक्यावर राहिली. एकूण ओझे 66,000 रुपयांचे झाले.

दुसरा मार्ग, पौषापूर्वी लेखी सूचना देऊन, हरभऱ्याचे पीक घेऊन पाडव्यास सोडणे. मालकाशी तडजोड करून पाव वर्षाचा खंड, म्हणजे 7,500 रुपये, नुकसानीदाखल द्यावा. नळ्या काढून नेण्यास 2,000 रुपये लागतील. एकूण खर्च 9,500 रुपये आणि हरभरा हाती येतो. खताचा कसही त्याच पिकात वसूल होतो.

तिसरा मार्ग, मालकाच्या संमतीने लगेच दुसरा कसणारा आणणे. नवा मनुष्य चार महिन्यांचा खंड भरतो, म्हणून जुन्यास 10,000 परत मिळतात. अनामतही परत मिळते. नळ्या 15,000 ला व खताचा कस 3,000 ला नव्याने घेतला, तर तूट अनुक्रमे 5,000 व 3,000, मिळून 8,000 रुपये. अर्थात हरभऱ्याचे निव्वळ उत्पन्न दीड हजारांपेक्षा अधिक येण्याचा भरवसा असेल तर दुसरा मार्ग सरस, नसेल तर तिसरा.

तिसऱ्या मार्गात एक काटा आहे. कुळाने आपणच जमीन पोटखंडाने दुसऱ्याच्या हवाली करणे कुळकायद्यास मंजूर नाही आणि त्या कारणावरून त्याची वहिवाट संपुष्टात आणता येते. म्हणून जुन्याने रीतसर सोडावी व मालकाने नव्याशी स्वतंत्र व्यवहार करावा. दोन व्यवहारांची एकच गाठ मारू नये.

आता मालकाची बाजू पाहू. सूचना वेळेवर मिळाली आणि पुढील पाडव्यास जमीन 27,000 रुपयांना गेली, तर त्याची तूट 3,000 रुपयांची. बांधबंदिस्तीस 4,000 लागले असे धरल्यास एकूण 7,000 रुपये. तोच कसणारा न सांगता गेला व पाडवा उलटून गेल्यावर कळले, तर खरीप हातचा जातो आणि नुकसान 34,000 रुपयांवर जाते. सोडणे तेच, जमीन तीच. फरक पडला तो तीन महिने आधी सांगण्याने. म्हणून सूचना ही कसणाऱ्याने मालकावर केलेली मेहेरबानी नसून उभयतांच्या पैशाची राखण आहे.

४. मालकास किती मागता येईल

'तीन वर्षांचा ठराव होता, तिन्ही वर्षांचे पैसे टाक,' असे मालक म्हणतो. ते त्यास सर्वस्वी मिळेलच असे नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे करार मोडल्याने जे नुकसान स्वाभाविकपणे झाले तेवढ्याची भरपाई मिळते, आणि ती ठरविताना नुकसान टाळण्याचे जे उपाय हाती होते तेही पाहिले जातात. जमीन मुद्दाम पडीक ठेवून सबंध खंड मागता येत नाही. कागदात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कलम 74 अन्वये ती रक्कम ही कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी वाटेल तेवढेच न्यायालय देते.

ह्याहून मोठी अडचण खंडाच्या दराची आहे. कुळकायद्याने खंडाची कमाल मर्यादा आकाराच्या पाचपट किंवा एकरी 20 रुपये, ह्यांपैकी जी कमी असेल ती ठेवली आहे. गावोगाव तोंडी चालणारे खंड ह्याहून कितीतरी अधिक आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. सबब जो मालक शिल्लक खंडासाठी कचेरीची पायरी चढण्याच्या गोष्टी बोलतो, त्याने प्रथम आपलीच बाजू तपासावी. दोघांनाही परवडेल अशी तडजोड गावातील चार जाणत्यांपुढे करणे, हेच बहुतेक प्रसंगी शहाणपणाचे ठरते.

५. मालकास मुदतीपूर्वी जमीन हवी असल्यास

आतापर्यंत कसणाऱ्याने सोडण्याचा विचार केला. मालकाने सोडविण्याचा मार्ग अधिक अरुंद आहे. खंड थकविणे, जमिनीची कायमची नासाडी करणे, पोटखंडाने देणे, स्वतः न कसणे, शेतीखेरीज दुसऱ्या कामास वापरणे, अशा कारणांवरून कलम 14 प्रमाणे तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन वहिवाट संपविता येते. केवळ खंड थकल्याचे कारण असेल तर कुळास थकबाकी व खर्च भरून वहिवाट वाचविण्याची संधी मिळते. तीन वर्षे खंड थकविणाऱ्यास मात्र ती सवलत नाही.

नोटिशीची मुदत भरली म्हणून मालकाने नांगर घालू नये. तहसीलदाराच्या हुकुमावाचून कुळाकडून ताबा घेता येत नाही, असे कलम 29 सांगते. कुळाने आपण होऊन सोडली तरीही मालकास ती सर्व ठेवून घेता येईलच असे नाही. त्यास ती किती ठेवता येते ह्याचा निर्णय कलम 15 खालील चौकशीत होतो. उभ्या पिकात जनावरे सोडणे, मोटारीची वीज तोडणे, वाट अडविणे, हे उपाय तर कायद्याने व माणुसकीने दोन्ही बाजूंनी निंद्य आहेत.

६. झाडे, नळ्या व उभे पीक

सोडणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुळाने लावलेल्या झाडांची भरपाई वहिवाट संपताना मिळते, असे कलम 19 मध्ये आहे. परंतु कुळ आपण होऊन राजीनामा देईल तर ती भरपाई मिळत नाही. बांधावर दहा आंबे लावून पाचव्या वर्षी स्वखुशीने सोडणाऱ्याने त्यांची किंमत आधी बोलून घ्यावी व कागदात लिहवून घ्यावी.

उभ्या पिकाविषयी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात असे तत्त्व आहे की, अनिश्चित मुदतीचा पट्टा कसणाऱ्याच्या चुकीवाचून संपला तर त्याने पेरलेले पीक त्याचे आणि ते काढून नेण्यास त्यास वाट मोकळी असावी. मात्र तो पट्ट्यांविषयीचा भाग शेतीच्या पट्ट्यांस आपोआप लागू होत नाही. म्हणून तत्त्व चांगले असले तरी त्यावर विसंबू नये; ते आपल्या कागदात उतरवून घ्यावे.

गुदाम, शेड वगैरे शेतीबाहेरच्या कामासाठी दिलेल्या जमिनीस मात्र हाच 1882 चा कायदा लागू होतो. उलट करार नसेल तर कारखानदारीच्या पट्ट्यास सहा महिन्यांची व इतर पट्ट्यांस पंधरा दिवसांची सूचना लागते. घेणाऱ्यास आपली शेड ताबा असेपर्यंत काढून नेता येते, पण जमीन होती तशी करून दिली पाहिजे. शेतजमिनीवर सिमेंटचा कोबा झाला की तो फोडण्याचा व माती पुन्हा भरण्याचा खर्च मोठा असतो. तो कोणी करावयाचा व त्यासाठी किती अनामत ठेवावयाची, हे आरंभीच लिहावे. बिनशेतकऱ्यास शेतजमीन पट्ट्याने देण्यासही कलम 63 ची आडकाठी आहे. आधी परवानगीचे पाहावे.

७. सोडचिठ्ठीचा नमुना

कुळाने सोडताना पुढील धर्तीचा कागद करावा व तो तहसीलदारापुढे पडताळून घ्यावा.

'मौजे सुदुंबरे, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील गट नंबर ...., क्षेत्र .... ही आपल्या मालकीची जमीन मी .... सालापासून .... रुपये खंडाने कसत आहे. अमुक कारणामुळे ती मी दिनांक .... पासून स्वखुशीने आपणांस परत देत आहे. ह्या कागदाचा मजकूर व परिणाम मला समजला आहे. मजवर कोणी दडपण आणलेले नाही. आजअखेर खंड पोचला आहे किंवा .... रुपये बाकी आहे. अनामत .... रुपये परत मिळाली. शेतातील .... पीक मी दिनांक .... पर्यंत काढून नेईन. नळ्या, मोटार व झाडे ह्यांविषयी असे ठरले की .... '

खाली उभयतांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. त्यानंतर दोन महिन्यांनी सातबाराचा ताजा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना व पीकपाहणी वाचून पाहावी. 2021 पासून पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून होते. ती कोणी व कोणाच्या नावे केली हे मालकाने दर हंगामास पाहत जावे. चुकीची नोंद निघाल्यास तलाठी कचेरीत तत्काळ लेखी हरकत द्यावी.

८. सारांश

जमीन घेण्याच्याच दिवशी पाच गोष्टी लिहाव्यात: किती महिने आधी सूचना द्यावयाची, कोणत्या पिकानंतर सोडावयाची, लवकर सोडल्यास किती द्यावयाचे, अनामत किती दिवसांत परत करावयाची, झाडे व नळ्या कोणाच्या. कागद नोंदविण्यापूर्वी जाणत्या वकिलास दाखवावा, कारण ज्या जमिनी कुळकायद्याने खरेदी झाल्या आहेत त्यांच्यावर कलम 43 ची निराळी बंधने आहेत आणि प्रत्येक सातबारा सारखा नसतो.

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे ह्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. जे बोलले गेले ते लिहिले म्हणून टिकले, ही गोष्ट ह्या गावास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. सुधा नदीकाठच्या दोन एकरांच्या ठरावासही तोच न्याय आहे. तोंडाने घेतलेली जमीन तोंडाने सुटत नाही. सन्मानाने सोडावयाची असेल तर ती वेळेवर सांगून, हिशेब चुकता करून आणि कागदावर सोडावी. म्हणजे पुढील पाडव्यास त्याच ओटीवर पुन्हा बसण्यास दोघांनाही संकोच वाटणार नाही.